द्रावणाचा रंग बदलला, पुढे काय?

सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात तुळशीच्या पानांचा उकळून गाळलेला अर्क घातला, की काही वेळाने ते पिवळसर होतं, मग तपकिरी. चांदीचे नॅनोकण तयार होत असल्याची ही पहिली खूण. गिरगावपासून दादर-माटुंग्यापर्यंतच्या एम.एस्सी.च्या मुलांना हा प्रयोग आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. तुळस झाली, कडुनिंब झाला, पेरूची पानं झाली. यूव्ही-व्हिजिबलवर 420 नॅनोमीटरच्या आसपास पीक मिळतो, सॅम्पल पवईला आयआयटीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी जातं, गोल कणांचं चित्र हाती येतं आणि प्रोजेक्ट बाइंडिंगला जातो.

यातली मेहनत खरी असते. उणीव असते ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रश्नाची.

महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या चौकटीत आला. दोन वर्षांच्या 88 क्रेडिटपैकी संशोधन पद्धतीला 4, तिसऱ्या सत्रातल्या प्रकल्पाला 4 आणि चौथ्या सत्रातल्या प्रकल्पाला 6 क्रेडिट मिळाले. स्वतंत्रपणे संशोधन करायला शिकण्यासाठी एवढी जागा पूर्वी क्वचितच मिळत होती. ती जुन्याच प्रयोगाला नवं झाड जोडण्यात खर्च झाली, तर मोठी संधी वाया जाईल.

मुळात नॅनोविज्ञान हा विषयच शंका घ्यायला शिकवणारा आहे. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि चांदीच्या क्षाराशी गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरायचं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण क्लोराइड पानांतही असतं. एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात चांदीच्या शेजारी अनोळखी पीक डोकावतात, ते अनेकदा याच सिल्व्हर क्लोराइडचे असतात. त्यांच्यावर फुली मारून पुढे जायचं की त्यांच्या मागे लागायचं, हा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यायला हवा. संशोधक घडतो तो इथेच. आकाराचंही तसंच. एक्सआरडीवरून शेररच्या सूत्राने येतो तो स्फटिकाचा आकार, आणि एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात. डीएलएस, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार काढणारं तंत्र, कणाभोवतीचा थर धरून मोजतं, त्यामुळे आकडा मोठा येतो. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात असंख्य कणांपैकी मोजकेच दिसतात. तीन उपकरणांनी तीन आकडे दिले की मुलं घाबरतात आणि सोयीचा एक ठेवतात. खरं तर ते तिन्ही आकडे शेजारी मांडून त्यांच्यातला फरक समजावून सांगणं, हाच त्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल.

पुढची पायरी जिवाणूंची. नॅनोकणांच्या थेंबाभोवती जिवाणू वाढले नाहीत, असा निष्कर्ष प्रबंधात येतो. पण चांदीचे नुसते आयनही जिवाणू मारतात आणि कडुनिंबाच्या अर्कातही तो गुण आहे. मग नुसत्या अर्काची प्लेट कुठे आहे? नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची कुठे आहे?

तुलनेशिवाय निष्कर्ष नाही, हा धडा मध्य मुंबईला नवा नाही. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केल्यावर 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. तीही प्लेगच्या धुमाळीत, मोजक्या मदतनिसांच्या जोरावर.

प्रबंधाच्या जाडीचाही बाऊ नको. फोर्टच्या विज्ञान संस्थेत पुढे नीरेवर काम करणाऱ्या कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, ती अवघ्या 40 टंकलिखित पानांच्या प्रबंधावर.

आजचं उदाहरण हवं तर कुलाब्याला जावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने 2019 मध्ये काळं सोनं तयार केलं. सोन्याचे बारीक कण द्रावणात लालसर दिसतात, हे फॅराडे यांनी 1857 मध्येच दाखवून दिलं होतं. या गटाने कणांचा आकार आणि त्यांच्यामधलं अंतर बदलत नेलं. तेव्हा ते सोनं दृश्य प्रकाशाचा जवळजवळ सगळा पट्टा आणि अवरक्ताचाही काही भाग शोषू लागलं. त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन तयार करून दाखवला. पदार्थ जुनाच होता, प्रश्न नवा होता. पोलशेट्टीवार यांची एम.एस्सी. अमरावती विद्यापीठातली आहे, हे महाविद्यालयीन लॅबमधल्या मुलांनी जरूर लक्षात ठेवावं.

असा स्वतःचा प्रश्न विचारायला कोट्यवधींचं उपकरण लागत नाही. गाइडनी पहिल्याच सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक छापून आलेला शोधनिबंध द्यावा आणि त्यातला एक आलेख आपल्या लॅबमध्ये पुन्हा मिळवायला सांगावं. तो आलेख जुळला नाही तर का जुळला नाही, हे वहीत तारखेनिशी लिहून घ्यावं. फसलेल्या प्रयोगांची पानं प्रबंधातून काढून टाकायला लावू नयेत. आणि व्हायवाला बसणाऱ्या परीक्षकांना विनंती आहे, की कणांचा आकार विचारण्याआधी कंट्रोल कोणते ठेवले होते, ते विचारा.