सदतीस हजारांचा वेडेपणा

आम्हा आयटीवाल्यांना एक रोग आहे. कुठलंही क्षेत्र दिसलं की 'शेवटी हा डेटाचाच प्रश्न आहे रे' असं म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा. सध्या पाळी इम्युनॉलॉजीची, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राची आहे. मशीन लर्निंग आलंय, आता लॅब कशाला? आणि पुढचं वाक्य ठरलेलं: मग एवढं डोकं असलेली पोरं विद्यापीठात पीएचडी करत का कुजतायत? कंपनीत या, चौपट पगार घ्या, कॅन्सर इथनंच बरा करू!

माझा या दोन्ही वाक्यांवर राग आहे. आणि दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून आजचा शनिवार त्यासाठी.

आधी प्रश्न काय ते बघू. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर टांगून ठेवते, सोसायटीच्या वॉचमनला ओळखपत्र दाखवावं तसं. वॉचमन म्हणजे टी-पेशी. तुकडा परका वाटला (विषाणूचा, किंवा कॅन्सरमुळे बिघडलेल्या प्रथिनाचा) की ती पेशी खलास. तुकडा ज्या खुंटीला टांगला जातो तिचं नाव एचएलए. तुकडा साधारण ९ अमिनो आम्लांचा, आम्लं २० प्रकारची. म्हणजे ५१,२०० कोटी शक्यता. खुंट्यांचे नोंदवलेले प्रकार ४०,००० च्या वर, आणि तुमच्या खुंट्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. हे सगळं लॅबमध्ये तपासायला सात जन्म पुरायचे नाहीत. इथे मशीन लर्निंग लागतंच, ते कोण नाकारतंय?

पण हे कालच्या एआय लाटेतून आलेलं नाही. कुठला तुकडा कुठल्या खुंटीला बसेल हे न्यूरल नेटवर्कने सांगायचं काम डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातली मंडळी २००३ सालीच करत होती. त्यांचं नेटएमएचसी आज जगभर वापरलं जातं. विद्यापीठात 'कुजणाऱ्या' लोकांचंच काम हे!

मग घोडं अडतं कुठे? तुकडा खुंटीला बसेल का, हे मॉडेल बऱ्यापैकी सांगतं. तो बघून टी-पेशी खवळेल का, हे सांगताना मात्र त्याची दांडी उडते. २०२० साली 'सेल' या जर्नलमध्ये एक तुलना छापून आली. २५ टीमना त्याच रुग्णांच्या गाठींचा जनुकीय डेटा दिला आणि विचारलं, टी-पेशी कुठले तुकडे ओळखतील? त्यांनी सुचवलेल्यांपैकी ६०८ तुकडे लॅबमध्ये खरोखर तपासले. ओळखले गेले ३७. शंभरात सहा! टीम ढ नव्हत्या, प्रश्न तेवढा अवघड आहे.

आता मला सांगा, हे सहाचे साठ करायला काय लागेल? आणखी जीपीयू? नाही हो. आणखी तपासलेले तुकडे लागतील. आणि ते नापास झालेले ५७१ सुद्धा सोनंच आहेत, कारण 'नाही' काय असतं हे मॉडेलला त्यांच्याकडूनच कळतं.

इथे कोणीतरी अल्फाफोल्ड तोंडावर फेकतंच. बरोबर, त्या कामाला २०२४ चं नोबेल मिळालं. पण ते शिकलं कशावर? १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रोटीन डेटा बँकेत फुकट जमा केलेल्या रचनांवर. त्यातल्या कित्येक रचनांमागे कुणाची तरी अख्खी पीएचडी गेलीय. फळ दिसलं, खत दिसत नाही.

इम्युनॉलॉजीत हे खत घालायला माणूस मिळत नाही, आणि याला विद्यापीठंही तितकीच जबाबदार आहेत. जुन्याच डेटावर नवं मॉडेल बसवा, सहा महिन्यांत पेपर. तीन वर्षं खपून स्वच्छ डेटा तयार करा, तर दुसऱ्याच्या पेपरात आभाराची एक ओळ. बढती पेपर मोजून मिळते. मग हुशार पोरगी काय करेल? एक्केचाळिसावं मॉडेल!

आपल्याकडे तर त्यावर आणखी तडका. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. माझ्या एका मित्राला तेही चार-चार महिने मिळत नव्हते, का ते त्याच्या संस्थेत कोणी सांगत नव्हतं. आणि आपण त्याला वेडा म्हणतो.

हसण्यावारी नेण्याजोगा हा विषय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॉडर्ना आणि मर्क यांनी मेलानोमाच्या एका चाचणीचे निकाल सांगितले. त्यातली लस प्रत्येक रुग्णासाठी वेगळी, अल्गोरिदमने निवडलेले जास्तीत जास्त ३४ तुकडे तिच्यात. नेहमीच्या औषधाला तिची जोड दिल्यावर कॅन्सर परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे निवड चुकली तर लस चुकली. आणि ज्या डेटावर ही मॉडेलं शिकतात त्यात युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या खुंट्यांची गर्दी आहे, आपल्या फार थोड्या. उद्या परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या एखाद्या पेशंटसाठी अशी लस बनवायची झाली तर मॉडेल अंदाजपंचे उत्तर देणार. तो डेटा आपल्याला बाहेरून कोणी कुरियरने पाठवणार नाही. इथल्याच रक्ताच्या नमुन्यांवर, इथल्याच लॅबमध्ये कोणीतरी राबून तो तयार करायचाय. ३७,००० मध्ये.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. विद्यापीठांनी डेटासेटला पेपरइतकीच किंमत द्यावी, फसलेले प्रयोगही छापावेत, फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्यावी. आणि आपण? मशीन लर्निंग येतंय म्हणून या क्षेत्रात जायचं असेल तर खुशाल जा, पण पहिलं वर्ष लॅबमध्ये पिपेट धरून काढायची तयारी ठेवा. ती नसेल तर निदान धरणाऱ्याला वेडा म्हणू नका. आपण ज्याला 'डेटाचाच प्रश्न' म्हणतो, त्यातला डेटा तो तयार करतोय.