पहिलीच्या पाटीवर सीमारेषा नको

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडल्या, की वृत्तपत्रांतून ठरावीक छायाचित्रे झळकू लागतात. दारावर आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण, नव्या मुलांच्या हाती फुगे आणि स्वागतास एखादा मंत्री किंवा आमदार. कर्नाटकात या सोहळ्यास 'प्रारंभोत्सव' म्हणतात, महाराष्ट्रात 'प्रवेशोत्सव'. सोहळा वाईट नाही. परंतु तोरण सुकल्यानंतर पहिलीच्या वर्गात काय चालले आहे, हे पाहावयास दुसऱ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही. वास्तविक मुलाचे पुढील दहा वर्षांचे शिक्षण ज्या पायावर उभे राहावयाचे, तो पाया याच पहिल्या दोनतीन महिन्यांत घातला जातो किंवा कच्चा राहून जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी शाळांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे.

गोमंतकीय वाचकास हा भाग परका नाही. चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या घाटाने बेळगावची भाजी आणि दूध आपल्याकडे उतरते. मुक्तीपूर्वी शिक्षणासाठी गोव्यातील कित्येक मुले बेळगावास जाऊन राहत. कणकुंबी म्हटले, की आपणांस कळसा नाला आणि म्हादईचे पाणी आठवते. पण त्याच कणकुंबी-जांबोटीच्या परिसरात भर पावसात वाट तुडवीत मराठी शाळेत जाणारी मुलेही आहेत. पाण्याविषयी आपण जितके जागरूक आहो, तितके या मुलांविषयी असावयास कोणती हरकत आहे?

पहिलीत प्रथमच येणारे सहा वर्षांचे मूल काय घेऊन येते, याचा विचार आधी केला पाहिजे. ते रिकाम्या हाताने येत नाही. घरात, शेजारी, बाजारात ऐकलेले हजारो शब्द, वाक्ये रचण्याची रीत, गोष्ट सांगण्याची आणि भांडण्याचीही भाषा त्याच्यापाशी असते. सीमाभागातील मराठी मुलाच्या या भाषेत कन्नडचा हेल असतो आणि कन्नड शब्दही असतात. त्यात कमीपणा काही नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द पुण्यामुंबईच्या मराठीनेही कन्नडमधूनच उचलले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. शाळेचे पहिले काम हे, की मुलाची ही शिदोरी उघडून पाहावी, त्याला बोलते करावे, त्याच्याच तोंडचा शब्द फळ्यावर लिहून 'हा तुझा शब्द असा दिसतो' असे त्याला दाखवावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर ग्रामीण बालशिक्षणाचे जे काम आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या सहकार्याने पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले, त्याचे मर्म हेच होते. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. आज हा शब्द देशभर चालतो. त्यामागील विचार मात्र पहिलीच्या उंबरठ्यावरच थांबलेला दिसतो.

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या पहिलीत मुलासमोर काय येते? मराठी ही पहिली भाषा, म्हणून देवनागरी. २००७ पासून कर्नाटकाने सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, म्हणून रोमन. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड अनिवार्य केले, म्हणून कन्नड लिपी. अजून पाटीवर सरळ रेघ ओढता न येणाऱ्या मुलाने एकाच वर्षी तीन लिप्यांना सामोरे जावयाचे! एका लिपीत अक्षरांवर शिरोरेषा आहे, दुसरीत अक्षरे गोलाकार वळतात, तिसरीत काना-मात्राच नाहीत. मूल ज्या क्षणी 'क'ची आकृती आणि तिचा ध्वनी यांची गाठ मनात घालू लागते, त्याच क्षणी आपण तिच्यावर दुसरी आणि तिसरी गाठ मारतो आणि मग मुलाला वाचता येत नाही म्हणून त्यालाच दोष देतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कन्नड शिकण्यास आमचा विरोध नाही. सीमाभागातील कोणाही समंजस मराठी पालकाचा तो असू नये. ज्या राज्यात राहावयाचे, जेथील कचेरीत अर्ज करावयाचा, जेथील बाजारात व्यवहार करावयाचा, तेथील भाषा न येणे हे मुलाचेच नुकसान आहे. प्रश्न आहे तो केव्हा आणि कसे, एवढाच. सुदैवाने मराठी आणि कन्नड या लिप्यांची वर्णमाला एकाच ब्राह्मी कुळातील आहे. क, ख, ग, घ हा क्रम दोहोंकडे तोच. मराठीची बाराखडी आणि कन्नडचे 'कागुणित' एकाच चालीने चालते. ज्या मुलाची देवनागरी पक्की झाली, त्याला कन्नड लिपी शिकावयास फार दिवस लागत नाहीत. ऱ्हस्व 'ए' व 'ओ' यांसारखे मराठीत नसलेले थोडेच नवे शिकावे लागते. याचाच अर्थ असा, की एक लिपी पक्की होईपर्यंत दुसरीसाठी वाट पाहिल्याने कन्नडचे काहीही बिघडत नाही, उलट ती लवकर येते. तोवर कन्नड गाण्यांतून, खेळांतून, संभाषणातून कानावर पडू द्यावी. सहा वर्षांचे मूल कानाने भाषा सहज टिपते. आपण मात्र तिची सुरुवात लेखणीने करतो.

अंकांचेही तसेच. मराठीत एकवीस म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु' म्हणजे सरळ वीस आणि एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले; परंतु संख्यावाचनात लहान मुले अडखळतात, ही गोष्ट कोणी नाकारली नाही. मग ज्या मुलाला एकाच वर्षी दोन उलट क्रमांनी आणि तिसऱ्या इंग्रजी शब्दांनी संख्या म्हणावयाच्या आहेत, त्याच्या गुरुजींना किती सावधपणे शिकवावे लागत असेल! असे शिक्षक तयार करण्याची व्यवस्था कोठे आहे?

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा निर्णय केला, तेव्हा शिक्षणतज्ज्ञ, साहित्यिक आणि पालक यांनी एकमुखाने सांगितले, की सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे लादू नका. जूनअखेर सरकारने ते आदेश मागे घेतले. तो युक्तिवाद रास्त होता. परंतु जो युक्तिवाद मुंबईत रास्त ठरला, तो बेळगावात अप्रस्तुत कसा होईल? तसेच तो जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड मुलांनाही लागू आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतील कन्नड शाळेत कन्नड न येणारा शिक्षक पाठविला गेला, तर ती चूक तितकीच निषेधार्ह आहे. आपल्या मुलासाठी जे मागावयाचे ते शेजाऱ्याच्या मुलास द्यावयाची तयारी नसेल, तर त्या मागणीला नैतिक बळ राहत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते, की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले अल्पसंख्य भाषेची असतील, तर त्यांच्या मातृभाषेतून शिकविणारा किमान एक शिक्षक नेमावा. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घटनेत आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरविण्याचे कर्तव्य राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर सोपविण्यात आले. घटनाकारांच्या पिढीने हे जाणले होते, की प्रांतांच्या रेषा कशाही आखल्या तरी काही माणसे रेषेच्या चुकीच्या बाजूस राहणारच. त्यांच्या मुलांचे नुकसान होऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव तेथेच ठेवावे आणि निपाणी, खानापूर महाराष्ट्रास द्यावे, असे सुचविले. महाराष्ट्राने ते मानले नाही. १९८६ च्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्याच सुमारास, कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बेळगाव परिसरात गोळीबार होऊन माणसे मेली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यालाही दोन दशके उलटून गेली. या काळात तीन पिढ्या पहिलीत बसून उठल्या. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पहिलीतील मूल पुढच्या वर्षी पहिलीत राहणार नाही.

दुसरे संकट अधिक शांतपणे येत आहे. कर्नाटकाने १९९४ मध्ये चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे, असा आदेश काढला होता. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की राज्याला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. निवाडा शिरोधार्यच आहे. परंतु त्याने निवड पालकांच्या हाती आली, आणि पालक इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत. सभेत मराठीसाठी घोषणा देणाऱ्या कित्येकांची नातवंडे सकाळी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात, हे बेळगावात कोणापासून लपलेले नाही. मराठी शाळा शासनाच्या उपेक्षेने जितक्या रोडावतात, तितक्याच आपल्या उदासीनतेनेही रोडावतात. आणि वर्गातील संख्या दहाखाली गेली, की १९४९ च्या त्या ठरावाचा आधारही उरत नाही.

मग मराठी शाळेत उरतात ती कोणाची मुले? निपाणीत पाहावे. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या आयांची मुले. खानापूरच्या रानातील शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले. दुपारच्या जेवणाची आणि 'क्षीरभाग्य' योजनेतील दुधाची सोय कर्नाटक सरकारने केली आहे, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. परंतु या मुलांचा घरी अभ्यास घेण्यास कोणाला सवड नाही. त्यांचे शिक्षण होते ते शाळेत, नाहीतर कोठेच नाही. निपाणीच्या वेशीवरचे अर्जुननगर महाराष्ट्रात आहे आणि तेथील महाविद्यालयात निपाणीचे तरुण सीमा ओलांडून शिकतात. वीस वर्षांच्या तरुणास ते जमते. सहा वर्षांच्या मुलास गावातील शाळेवाचून गत्यंतर नाही. आणि त्या शाळेत शाळा उघडल्या दिवशी मराठी जाणणारा शिक्षक हजर नसेल, जागा रिकामी असेल, अतिथी शिक्षकाची नेमणूक पाऊस ओसरू लागल्यावर होणार असेल, तर त्या मुलाचे पहिले वर्ष बुडाले, असेच समजावे.

यास्तव आमच्या मागण्या साध्या आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांतील रिकाम्या जागा शाळा उघडण्यापूर्वी भरल्या जाव्यात आणि पहिलीचा वर्ग शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. आज बहुधा उलट घडते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२१ मध्ये 'विद्या प्रवेश' नावाचा पहिलीसाठी तीन महिन्यांचा खेळातून तयारीचा कार्यक्रम आखला. राज्याला त्याचे नाव नको असेल तर नसो. पण पहिले तीन महिने मुलाच्या घरच्या भाषेत बोलणे, ऐकणे, चित्रे आणि गोष्टी यांतच जावेत. पहिली-दुसरीत कन्नड आणि इंग्रजी तोंडी असाव्यात. त्यांचे लेखन देवनागरी पक्की झाल्यावर सुरू व्हावे. आणि ही कन्नड शिकविणारा शिक्षक मराठीही जाणणारा असावा, म्हणजे मुलाला ती शिक्षेसारखी वाटणार नाही. महाराष्ट्रानेही केवळ ठराव करून थांबू नये. या शाळांना गोष्टींची पुस्तके, बालभारतीचे 'किशोर' मासिक, शिक्षकांसाठी शिबिरे पुरविणे यास न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि गोव्याने? घरी कोकणी आणि शाळेत मराठी, या वाटेने आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, म्हणून बहुजनांच्या घरात अक्षर पोचले. १९९० मध्ये मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही ते मिळू लागले आणि त्यावरून आपल्याकडे किती रणे माजली, हे वाचक विसरले नसतील. बेळगावच्या मराठी शाळेविषयी कळवळा बाळगणाऱ्या गोमंतकीयाने आपल्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेतही एकदा डोकावून यावे. तेथेही पहिलीत किती मुले बसतात आणि त्यांच्यासमोर कोण उभे आहे, हे मोजून यावे.

सीमेचा तंटा मोठ्यांनी मांडला. तो मोठ्यांनीच सोडवावा, न्यायालयात आणि विधिमंडळात. तोपर्यंत निदान पहिलीच्या वर्गापुरता दोन्ही राज्यांनी तो बाजूस ठेवावा. येत्या जूनपूर्वी बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक मराठी शाळेच्या पहिलीस शिक्षक मिळाला आहे की नाही, एवढीच यादी शासनाने प्रसिद्ध करावी. ती यादी पाहून आम्ही मग स्वागतसोहळ्याची छायाचित्रे आनंदाने छापू.