लग्नाचा पुरावा की संसाराची झडती?

नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या पुरुषाने आपल्या पत्नीस तिकडे नेण्यासाठी निवासाचा परवाना मागितला, तर ती खरोखरीच त्याची पत्नी आहे की नाही हे विचारण्याचा त्या देशास अधिकार आहे. याविषयी आमचा वाद नाही. खोटी लग्ने लावून माणसे पलीकडे पोहोचविणारे दलाल जगात आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या नवराबायकोस त्रास सोसावा लागतो. परदेशी नागरिक असलेल्या जोडीदारास ओसीआय कार्ड द्यावयाचे, तर विवाह नोंदलेला असावा व तो दोन वर्षे अखंड टिकलेला असावा, अशी अट आपल्याही नागरिकत्वाच्या कायद्यात आहेच. आमचा वाद आहे तो आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे बोकाळलेल्या 'फाइल जाड करण्याच्या' विद्येशी. विवाहनोंदणीचा दाखला, पासपोर्ट, पतीचा निवासपरवाना, त्याच्या पगाराचे व घराच्या भाड्याचे कागद यांवर ज्या अर्जाचे काम भागते, त्याला व्हॉट्सॲपवरील खाजगी निरोपांची दोनदोनशे पाने, मधुचंद्राची छायाचित्रे आणि वाढदिवसाच्या भेटींच्या पावत्या जोडल्या जातात. आणि 'असू द्या, जास्त दिलेले बरे' असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळीच त्यास संमती देतात. ही संमती आम्हांस अत्यंत अनिष्ट वाटते.

दाखल्यांची इंग्रजी भाषांतरे तपासून घेण्यासाठी आमच्याकडे माजी विद्यार्थी व त्यांचे पालक येत असतात, त्यामुळे अशा फायली आमच्या नजरेखालून जातात. त्यांतील पुष्कळ शिरूर तालुक्यातल्या कारेगाव-रांजणगावच्या बाजूच्या असतात, यात नवल नाही. रांजणगावच्या महागणपतीशेजारी औद्योगिक वसाहत झाली, एलजी, फियाट अशा परदेशी नावांचे कारखाने तेथे उभे राहिले, आणि लगतचे कारेगाव खोल्यांच्या चाळींनी भरून गेले. त्या गावात बीडचा कामगार येतो, तसा बिहारचाही येतो. खोली घेतो, जम बसला की बायकोस घेऊन येतो. घरमालक आधार कार्डाची नक्कल मागतो, अनामत मागतो, पाण्याची वेळ सांगतो. पण 'तुमचे एकमेकांवर प्रेम आहे हे कशावरून?' असे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. देशात कोठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने त्या कामगारास दिला आहे, आणि त्याची पत्नी शेजाऱ्यांच्या दृष्टीने पत्नीच असते. त्याच वसाहतीत शिकून तयार झालेला इंजिनियर जर्मनीस गेला, म्हणजे मात्र त्याच्या घरची मंडळी सुनेचा मोबाईल उघडून बसतात.

जर्मनी मागते तरी काय? युरोपीय संघाने २२ सप्टेंबर २००३ रोजी कुटुंबाच्या एकत्रीकरणासंबंधी जो निर्देश काढला, त्याच्या पाचव्या कलमात नात्याचा कागदोपत्री पुरावा मागितला आहे, आणि जरूर तर मुलाखत घेण्याची व चौकशी करण्याची मुभा ठेविली आहे. सोळाव्या कलमात लबाडीच्या विवाहाचा विचार आहे. परंतु तेथेही खास तपासणी करावयाची ती संशयास सबळ कारण असेल तेव्हाच, असे म्हटले आहे. म्हणजे संशयास कारण असल्याशिवाय झडती नाही, हे कायदाच सांगतो. आणि आपण मात्र कोणी संशय घेण्याच्या आधीच आपल्या घराची झडती स्वतः घेऊन ती टपालाने पाठवितो! पत्नीने प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा द्यावी, असा नियम त्या देशाने २००७ साली केला. पुढे कित्येकींस त्यातून सूटही मिळाली. तो नियम जाचक असेल, पण त्यात निदान अब्रूचा प्रश्न नाही. भाषा शिकून कोणाचे नुकसान होत नाही.

आता खरा पुरावा कोणता, आणि त्याची आपण काय दशा करून ठेविली आहे, ते पाहावे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहाची नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करावयाची असते. खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे आहे. वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा पुरोहित, एवढ्यांची नावे त्या अर्जावर येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली नोंदणी सर्व धर्मांच्या विवाहांस सक्तीची करण्याचे आदेश दिले. इतके असूनही मंगल कार्यालयावर लाखांनी खर्च करणाऱ्या घरास ग्रामपंचायतीत जाण्यास सवड होत नाही. व्हिसाची गोष्ट निघाली म्हणजे मग विलंबशुल्क भरून धावाधाव सुरू होते. लग्नानंतर दोन वर्षांनी आणि अर्जाच्या आधी दोन आठवडे काढलेला दाखला परक्या अधिकाऱ्यास संशयास्पद वाटला, तर त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

त्याहून मोठा घोटाळा नावांचा. मुलगी शाळेच्या दाखल्यावर एका नावाची, पासपोर्टावर त्याच नावाची, परंतु लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीने दुसरेच नाव लिहिले गेले आणि हौसेने ते आधार कार्डावरही चढले. वडिलांचे नाव जाऊन पतीचे आले, आडनाव बदलले, आणि आता एकाच मुलीच्या चार कागदांवर तीन बायका दिसू लागल्या. पत्नीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा या देशात नाही. ही सासरची हौस आहे. तिचा दंड मात्र सून भरते. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात प्रसिद्ध करा, 'ती मीच' म्हणून शपथ घ्या. त्यात लग्नपत्रिकेचे भाषांतर हा एक विनोदच होतो. 'चि. सौ. कां.' यातील 'सौ.' पाहून एका भाषांतरकाराने वधूस लग्नापूर्वीच विवाहित करून टाकल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हे सारे निस्तरण्यास वेळ लागतो, आणि जेथे खरोखर वेळ द्यावयाचा तेथे तो न देता लोक छायाचित्रांचे आल्बम चिकटवीत बसतात.

'पण आमचे लग्न ठरवून झालेले. आधीचा सहवास नाही, पत्रे नाहीत. साहेबास आमची रीत काय कळणार?' असा एक आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ब्रिटन व कॅनडा यांसारखे देश नाते खरे व चालू असल्याचा पुरावा मागतात, आणि तेथे संपर्काचे काही दाखले द्यावेच लागतात. मागितले तेवढे द्यावे: भेटीच्या तारखा, प्रवासाची तिकिटे, फोन झाल्याची नोंद. पण फोनवर काय बोलणे झाले ते कशाला? आणि आधीच्या सहवासाची उणीव भरून काढण्यासाठी, साखरपुड्याच्या दिवशीच तीन वेळा लुगडी बदलवून तीन निरनिराळ्या दिवसांची म्हणून छायाचित्रे काढावयाची, हा एजंटाने शिकविलेला प्रकार तर सरळसरळ लबाडी होय. खऱ्या लग्नासाठी खोटा पुरावा करणाऱ्याने, पकडला गेल्यावर आपल्या रीतीचा अपमान झाला म्हणून ओरडू नये.

आपल्या विवाहांवर परक्यांनी घेतलेला संशय नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी एका मुसलमान गृहस्थाच्या पत्नीस देशात येऊ देण्याच्या प्रश्नावर असा निकाल दिला की, त्याच्या आधाराने हिंदू, मुसलमान व पारशी यांचे धर्मविधीने झालेले विवाह तेथे कायदेशीर ठरेनात. त्या निकालानंतर कस्तुरबा व इतर स्त्रिया सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. त्या लढ्यासाठी इकडे पैसा व लोकमत उभे करण्यात आपल्या पुण्याच्या गोपाळराव गोखल्यांनी प्रकृतीची पर्वा केली नाही. १९१४ साली कायदा बदलला. त्या स्त्रियांची मागणी एवढीच होती की, आमचे लग्न हे लग्न म्हणून मान्य करा. ते किती गोडीचे आहे हे सिद्ध करण्याची तयारी त्यांनी दाखविली नाही, आणि दाखविली असती तर त्यांचा पक्षच पडला असता.

एकदा अंतरंगात शिरण्यास वाट दिली की राज्यसत्ता कोठवर जाते, याचेही उदाहरण आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती कुमारिका आहे की नाही हे पाहण्यासाठी, वैद्यकीय तपासणी करण्यात आली. गोष्ट वर्तमानपत्रांत आली, मोठा गहजब झाला, तेव्हा ती प्रथा थांबली. पुढे १९९७ पर्यंत त्याच देशात असा नियम होता की, आपल्या विवाहाचा मुख्य हेतू देशात शिरकाव करून घेणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. मनात जे नाही त्याचा पुरावा माणसाने कोठून आणावा? तो नियम रद्द झाला, परंतु आपल्या घरांच्या मनातून तो गेलेला दिसत नाही. अजून आपण त्याच्याच धाकाने फायली बांधतो आहोत.

या धाकाचे दुसरे फळ म्हणजे कागदी लग्न. मुहूर्त आठ महिन्यांनी, पण व्हिसाची तारीख जवळ; म्हणून आधी दाखला काढून ठेवावयाचा. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नागरत्ना व न्यायमूर्ती मसीह यांनी १९ एप्रिल २०२४ रोजी अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की, विधी न होता नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. आणि व्हिसासाठी मुलांच्या अशा नोंदण्या करून देणाऱ्या आईबापांचाही त्यांनी उल्लेख केला. त्या जोडप्याचा दाखला रद्दबातल ठरला, आणि त्याच्या आधारे उभे राहिलेले घटस्फोटाचे व पोटगीचे कज्जेही गेले. म्हणजे समारंभापूर्वी बेबनाव झाला, तर मुलगी कागदावर पत्नी, गावात कुमारिका आणि न्यायालयात कोणीच नाही! ज्यांस नोंदणीनेच लग्न करावयाचे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस द्यावी आणि राजरोस लग्न करावे.

जर्मन वकिलाती आपल्या विश्वासातील वकिलाकरवी दाखल्यांची स्थानिक चौकशी करवून घेतात. त्यात पैसे व महिने जातात, म्हणून लोक तिच्या नावाने बोटे मोडतात. आम्हांस मात्र साऱ्या पद्धतींत हीच कमी अपमानाची वाटते. तो वकील कारेगावास येईल, ग्रामपंचायतीतील नोंदवही पाहील, शेजारणीस विचारील. विचारू द्यावे. त्याला पुरोहिताचे घर दाखवावे, साक्षीदार शेतावर असतील तर बोलावून आणावे, आणि वाटलेच तर आहेराची वही पुढे ठेवावी. साडेतीनशे माणसे, कोणी एकशे एक, कोणी पाचशे एक, कोणी पितळेचा डबा, असा लग्न झाल्याचा इतका पुरावा दुसऱ्या कोणत्या देशाच्या दप्तरात असेल असे आम्हांस वाटत नाही. सुनेचा मोबाईल मागितला गेला, तर तो तिचा आहे एवढे त्यास सांगावे.