नवख्याला एक अख्खं काम द्या

दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनी सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडतो आणि भाषणं थेट कृष्णराजसागरावर जाऊन पोहोचतात. धुळ्यात तरी ती दातर्तीपासून सुरू व्हावीत. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून 1883 साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला हा तरुण 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागला आणि नाशिकमार्गे खानदेशात आला. साक्रीजवळच्या दातर्तीला पांझरेच्या पाटावरचा नळाचा सायफन हे त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. वय तेवीसच्या आसपास.

काम लहान, पण दिवस पावसाचे. पाऊस सरल्यावर काम करावं, असं त्याने वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना त्यात टाळाटाळ दिसली. मग त्याने भर पावसाळ्यातच सायफन पुरा केला आणि शाबासकी मिळवली. हा प्रसंग जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्याने आधी नोंदवलेली हरकत जास्त मोलाची वाटते. धोका वेळेवर, वरच्या माणसाला, स्पष्ट कळवायचा आणि निर्णय विरुद्ध गेला तरी काम अंगावर घ्यायचं, यात प्रकल्प व्यवस्थापनाचा अर्धा अभ्यासक्रम आला. वरिष्ठांच्या हट्टाचं कौतुक करायचं मला काही कारण दिसत नाही.

आज धुळे, शिरपूर, जळगावच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं विचारतात, ‘सर, प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय, कोणता कोर्स करू?’ बहुतेकांच्या डोक्यात पीएमपीचं प्रमाणपत्र असतं. पण त्या परीक्षेला बसायलाच पदवीधराकडे प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. नवख्यांसाठी पीएमपी घेणाऱ्या संस्थेचीच सीएपीएम परीक्षा आहे, ती जरूर द्यावी. एमएस प्रोजेक्ट, प्रायमावेरा ही सॉफ्टवेअरं तर मन लावलं की काही आठवड्यांत जमतात. अडचण पुढे आहे. बार चार्टवर मार्च महिना सलग दिसतो. सातपुड्यातले मजूर होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला गावी जाणार आणि त्या दिवसांत साईट ओस पडणार, हे त्यात कुणी भरून देत नाही. ते मुकादमाला विचारावं लागतं. पांझरेकाठच्या फडांत तर पाण्याचं नियोजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं: बंधारा, पाट, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी. कालव्यावर काम करणाऱ्या पोराने लॅपटॉप उघडण्याआधी त्या पाटकऱ्याशी तासभर बोलावं, असं माझं साधं मत आहे.

पण दोष पोरांना देऊन भागणार नाही. नव्या इंजिनिअरला आपण काय देतो? रोजचा प्रगती अहवाल टाइप करायला, फोटो ग्रुपवर टाकायला आणि साहेब आले की छत्री धरायला. पाच वर्षांनी तोच माणूस पाच प्रकल्पांची नावं सांगतो, पण एकाही कामाची आखणी, मापं, आरए बिल, शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार आणि अंतिम बिल हे सगळं त्याच्या हातून गेलेलं नसतं. तुकडे खूप पाहिलेले, अख्खं काम एकही नाही. मग त्याला शंभर कोटींच्या पॅकेजवर बसवतो आणि मुदत हुकली की कपाळाला हात लावतो.

इथे कामं काही कमी नाहीत. अक्कलपाड्याच्या निम्न पांझरा प्रकल्पाचं लोकार्पण आणि सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेची पायाभरणी 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्यात झाली. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज 18,036 कोटी रुपये. भूसंपादन, पूल, मोऱ्या, स्टेशनं, वर्षानुवर्षं पुरेल एवढं. हे चालवायला माणसं दर वेळी पुण्या-मुंबईहूनच आणायची का, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून वाचकांतल्या कार्यकारी अभियंत्यांना, कंत्राटदारांना आणि सल्लागारांना विनंती. यंदा तुमच्याकडे रुजू झालेल्या मुलाला किंवा मुलीला एक मोरी द्या, किलोमीटरभर पाइपलाइन द्या, अंगणवाडीची एक खोली द्या. अंदाजपत्रकापासून अंतिम बिलापर्यंत ते काम त्यांच्याच नावावर राहू द्या. तुम्ही आठवड्यातून एकदा बघा. आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी लेखी हरकत आणून दिली, तर ती फाइलला लावा, तारखेनिशी उत्तर द्या. कारणे दाखवा नोटीस काढू नका.