गदा नांदेडची, तालीम पुण्याची

दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या मैदानात जो प्रकार घडला, त्याची चर्चा नांदेड, लातूर व धर्माबादच्या चावडीवर बराच काळ रंगली. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे या मल्लाची पाठ टेकली असा निर्णय पंचांनी दिला. तो त्यास मान्य झाला नाही. आणि संतापाच्या भरात त्याची लाथ पंचांपर्यंत पोहोचली. पृथ्वीराज मोहोळ पुढे गेला व त्याने गदा जिंकली. राक्षे याच्यावर, तसेच अंतिम लढत सोडून गेलेल्या महेंद्र गायकवाड याच्यावर, तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. तो निर्णय वादग्रस्त होता हे खरे. तथापि पंच चुकला तरी त्याच्या अंगास हात अथवा पाय लावण्याचा अधिकार मल्लास प्राप्त होत नाही, याविषयी दुमत असू नये. त्या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्यात आम्ही भर घालू इच्छीत नाही.

आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. ध्वनिक्षेपकावरून राक्षे याच्या नावामागे जिल्ह्याचे नाव पुकारले जात होते ते नांदेडचे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास महेंद्र गायकवाडला चीत करून त्याने गदा उचलली, तेव्हाही ती नांदेडची म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून त्याने ती पुन्हा मिळविली. (त्याच महिन्यात फुलगावला दुसऱ्या संघटनेने सिकंदर शेख यास महाराष्ट्र केसरी म्हणून गौरविले. एका महिन्यात एका राज्याला दोन केसरी लाभावेत, हा आमच्या संघटनांच्या भांडणाचा विक्रमच म्हटला पाहिजे!) नांदेडकरांनी पेढे वाटले, फटाके उडविले, व ते योग्यच झाले. परंतु हा गुणी मल्ल मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. त्याची तालीम पुण्यातली, कात्रजच्या परिसरातली. नांदेडने त्याला दिले ते केवळ नाव. जिल्ह्याबाहेरच्या मल्लाने जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करण्यास नियमांची आडकाठी नाही, आणि त्यात आम्हांस गैरही वाटत नाही. प्रश्न एवढाच की, किनवटपासून देगलूरपर्यंत आणि हिमायतनगरपासून धर्माबादपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याला शंभर किलोंच्या वरचा स्वतःचा एक मल्ल का उभा करता येऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की शेजारच्या लातूर जिल्ह्यातील एका खेड्यापाशी येऊन थांबावे लागते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे ते खेडे, आणि कै. हरिश्चंद्र माधवराव बिराजदार हा त्या खेड्याचा पुत्र. १९५० साली ते जन्मले तेव्हा निलंगा तालुका हैदराबाद संस्थानातून नुकत्याच मुक्त झालेल्या राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. सहाव्या वर्षी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे रहिवासी झाले, दहाव्या वर्षी महाराष्ट्राचे. घर न सोडता तीन राज्ये पाहिलेल्या त्या पिढीतील हा मुलगा पुढे कुस्तीसाठी मात्र घर सोडून कोल्हापुरास गेला. आमचा मुलूख काळ्या मातीचा. आखाड्याला लागते ती तांबडी माती, ताक, तेल, लिंबू व हळद घालून मुरविलेली. त्या मातीपाठीमागे शाहू छत्रपतींच्या काळापासून चालत आलेली तालमींची, वस्तादांची व आश्रयदात्यांची घडी होती. निजामी अमदानीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात ती कोठून असणार?

१९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातूरला भरले. लातूर तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. तो मान त्यास १९८२ साली मिळाला. विशीही न ओलांडलेल्या बिराजदारांनी आपल्या मुलखातील माणसांच्या देखत ती गदा जिंकली. जे मैदानात होते ते धन्य होत. या स्पर्धेचे पहिले महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादला ठरले होते, म्हणजे मराठवाड्याच्या भूमीला ही गदा अपरिचित नव्हती. परंतु मराठवाड्याच्या पुत्राच्या खांद्यावर मराठवाड्यातच ती विसावलेली पाहण्याचे सुख निराळे होते. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब त्यांच्या नावामागे लागला. दिल्लीच्या सत्पालसारख्या बलाढ्य मल्लास त्यांनी अस्मान दाखविले, त्या कुस्तीची कथा जुने शौकीन अद्यापही रंगवून सांगतात.

येथवरची कारकीर्द सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची.

अवजड वजनाच्या मल्लाचे आयुष्य दोन खंडांचे असते. पहिला खंड फार तर पंधरा वर्षांचा. पहाटेचे जोर आणि बैठका, दुधातुपाचा व बदामाचा खुराक, कुळाचे नाव, गावची ईर्षा, आणि यात्रेतील रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंतचा प्रवास. तिशी उलटली की हा खंड संपतो. उरतात ती तीस-चाळीस वर्षे, मोठ्या खुराकाची सवय असलेला देह आणि रिकामे हात. जगातील फार थोड्या समाजांनी या दुसऱ्या खंडाचा विचार केला आहे. मुष्टियुद्धाच्या अवजड गटात ज्यो लुई याने १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षे जगज्जेतेपद राखले. सारी अमेरिका त्याच्या नावाने वेडी झाली होती. त्याच ज्यो लुईला पुढे करांच्या थकबाकीने असे ग्रासले की पोटासाठी तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला, आणि उत्तरायुष्यात लास व्हेगासच्या एका जुगारगृहात येणाऱ्याजाणाऱ्यांचे स्वागत करीत बसला. पतियाळाच्या मैदानात झिबिस्कोला क्षणार्धात लोळविणारा गामा १९६० साली लाहोरास वारला, तो आजार व विपन्नावस्था भोगून. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्यास आला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

बिराजदारांनी हा दुसरा खंड वाया जाऊ दिला नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद म्हणून बसले आणि हां हां म्हणता साऱ्या महाराष्ट्राचे ‘मामा’ झाले. लातूर जिल्ह्याचाच काका पवार त्यांच्या हाताखाली घडला. ग्रीको-रोमन कुस्तीत त्याने भारताचे नाव राखले व १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळविला. बीड जिल्ह्यातील पाटोद्याकडचा राहुल आवारे हाही मामांचाच. २००६ साली शासनाने मामांना ध्यानचंद पुरस्कार दिला. सप्टेंबर २०११ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, ते गेले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला राहुलने सत्तावन्न किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत गुरूला अर्पण केले. एडिंबरोचे सुवर्ण आणि गोल्ड कोस्टचे सुवर्ण यांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एका वस्तादाने ते बुजविले. पुढच्याच वर्षी राहुलने जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे कांस्यपदकही आणले.

आता वाचकांनी एक साखळी ध्यानात घ्यावी. मामांचा शिष्य काका पवार. काका पवारांनी कात्रजजवळ उभारलेल्या संकुलातून तयार झाले हर्षवर्धन सदगीर, लातूरचा शैलेश शेळके आणि शिवराज राक्षे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती सदगीर व शेळके या गुरुबंधूंतच झाली आणि शेळके थोडक्यात हुकला. म्हणजे नांदेडच्या नावे पुकारला जाणारा तो राजगुरुनगरचा मल्ल ज्या वस्तादपरंपरेत वाढला, तिचे मूळ पुन्हा रामलिंग मुदगडलाच जाऊन पोहोचते. मराठवाड्याने मल्ल दिला, वस्ताद दिला, वस्तादाचा वस्ताद दिला. दिले नाही ते तालमीला छप्पर. ज्या गोष्टी आमच्या अंगणात व्हावयाच्या त्या पुण्यास झाल्या, आणि आम्ही अंगणाला नाव मात्र उसने आणले.

पुणे व कोल्हापूर यांच्याविषयी आमच्या मनात असूया नाही. त्यांनी आमच्या मुलांना आश्रय दिला याबद्दल कृतज्ञताच आहे. पण या व्यवस्थेची किंमत कोण देतो, याचा हिशेब नांदेडच्या सुशिक्षित वाचकांनी एकदा मांडावा. धर्माबादचेच उदाहरण घेऊ. मिरचीच्या व्यापाराने नाव कमावलेले, तेलंगणाच्या सीमेवरचे, गोदावरीच्या काठचे हे गाव. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील त्याच्या स्थानकातून एका बाजूस हैदराबादची गाडी जाते आणि दुसऱ्या बाजूस मनमाडची. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या अंगी कुस्तीचा गुण दिसला, तर बारातेरा वर्षांच्या त्या पोराला बापाने पाचशे किलोमीटरहून लांब पाठवावे, तेथल्या खोलीचे भाडे भरावे आणि खुराकासाठी महिन्याच्या महिन्याला पैसा धाडावा. हलक्या वजनाच्या मुलाचे कसेबसे निभते. शंभर किलोंचा देह कर्जावाचून पोसला जात नाही. ज्याच्या बापाकडे तीन एकर कोरडवाहू आहे, तो दुसऱ्या वर्षीच मुलाला परत बोलावतो. अवजड गटात मराठवाड्याची नावे मोजकी आहेत याचे कारण मुलांच्या हाडापेराचे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आखाड्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे; हाडे पुष्कळ दिसतात.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे यांना पोलीस उपअधीक्षकाची पदे मिळाली. विजेत्याच्या पोटाची विवंचना त्यामुळे मिटली आणि गावोगावच्या पालकांना धीर आला, हे निःसंशय चांगले झाले. परंतु या उपायाची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवीत नाही. ज्या मल्लाने तालमीत बसून पन्नास मुले तयार करावयाची, तो बंदोबस्ताला जातो. त्याचा पहिला खंड आपण पुरस्कारतो, आणि दुसरा खंड खाकी गणवेशाच्या स्वाधीन करतो. वस्ताद ही नोकरी नाही, पद नाही, वेतनश्रेणी नाही. शिष्य जी गुरुदक्षिणा देतील तिच्यावर आणि एखाद्या धनिकाच्या लहरीवर तो जगतो. शाळेत कवायत शिकविणाऱ्या शिक्षकाला दरमहा पगार मिळतो, आणि राष्ट्रकुल विजेता घडविणाऱ्याला नाही, ही व्यवस्था ज्यांना विसंगत वाटत नाही त्यांच्या समाधानी वृत्तीचे कौतुकच केले पाहिजे.

गादीचे म्हणाल तर तिचा प्रश्न सोपा आहे. बारा मीटर लांबीरुंदीची गादी, तिच्यावर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, आणि वर पावसात न गळणारे पत्रे. तालुक्यातालुक्याला क्रीडासंकुले बांधण्याचे धोरण शासनाने फार पूर्वीच स्वीकारले आहे. तेथे एवढी जागा सहज निघेल. मातीत वाढलेल्या मुलाला गादीवर येताना नवे शिकावे लागते. मातीतील निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव व प्रत्येक पकडीचे गुण. मातीत जो संयम गुण ठरतो, तो गादीवर निष्क्रियतेचा दोष ठरतो. हा फरक गादीवर उभे राहून समजावणारा माणूस हवा. गादी पैशाने विकत मिळते. माणूस तसा मिळत नाही, त्याला आणून बसवावे लागते.

म्हणून आमचे मागणे मर्यादित आहे. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांनी व येथल्या नगरपालिकांनी, शासनाची वाट न पाहता, निलंगा, देगलूर, धर्माबाद, लोहा व अहमदपूर या पाच ठिकाणी प्रत्येकी एक वस्ताद नेमावा. त्यास निवृत्त मल्लांमधून निवडावे, माध्यमिक शिक्षकाएवढे वेतन द्यावे, राहावयास घर द्यावे. मुलांच्या खुराकाचा भार त्या त्या गावच्या बाजार समितीने व व्यापाऱ्यांनी उचलावा. यात्रेत एका रात्रीच्या शेवटच्या कुस्तीवर हजारोंचे इनाम लावणाऱ्या मंडळींना हे अवघड वाटू नये. कदाचित काही जण म्हणतील की, पाण्याची टंचाई, रस्ते, शाळांची पडझड असे प्रश्न समोर असताना कुस्तीचे काय घेऊन बसलात? त्यांस आमचे उत्तर असे की, जिल्ह्याच्या नावाची गदा आली तेव्हा मिरवणुकीला, कमानींना व सत्कारांना पैसा कमी पडला नव्हता.

एका मिरवणुकीच्या खर्चात एका वस्तादाचे किती महिन्यांचे वेतन भागते, हा हिशेब जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकी सभेत एखाद्या सदस्याने मांडावा. तेथे त्याला काय उत्तर मिळते ते आम्ही याच जागी छापू.