स्कीच्या सहलीची मोठी बॅग : डेनियर नव्हे, चेन पाहा

हिवाळा जवळ आला की मुंबईच्या बॅग बाजारात अलीकडे एक नवे गिऱ्हाईक दिसते. काश्मीरमधील गुलमर्गला किंवा उत्तराखंडातील औलीला बर्फावर घसरण्याचा खेळ, ज्याला स्की म्हणतात, तो खेळायला ते निघालेले असते आणि त्याला 'मोठी डफल' हवी असते. दुकानदार सर्वात मोठी बॅग काढतो, तिच्या कापडाचा डेनियर सांगतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजते. मार्च महिन्यात तीच बॅग मोडलेली चेन घेऊन दुरुस्तीला येते. या सौद्यात गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही फसतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. मदनपुरा आणि धारावीत बॅगा शिवणाऱ्या बांधवांच्या रोजीचा हा प्रश्न असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिणे आम्हाला जरूर वाटते.

हे गिऱ्हाईक चार दिवसांचे नाही. गुलमर्गच्या रोपवेचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला आणि दुसरा २००५ साली. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवटच्या डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. २०२० साली 'खेलो इंडिया'च्या पहिल्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गलाच झाल्या. मुंबई-पुण्याची नोकरदार पोरे तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांच्या हातात बॅग मात्र बहुधा परदेशी नावाची असते आणि तिची किंमत ऐकली तर आपला कारागीर कपाळाला हात लावील.

'डफल' हा शब्द मुळात आपल्याच, म्हणजे कापडाच्या, धंद्यातला आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ डफेल नावाचे गाव आहे. तिथल्या जाड लोकरी कापडाला गावाचे नाव पडले आणि पुढे ते थैलीला चिकटले. आज त्या थैलीत लोकरीचा धागाही नसतो, सगळा माल नायलॉन आणि पॉलिएस्टरचा.

आता डेनियरचे पाहू. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. म्हणजे हा जाडीचा हिशेब झाला, मजबुतीचा दाखला नव्हे. ६०० डेनियरचे घट्ट विणलेले नायलॉन हे १,६८० डेनियरच्या सैल पॉलिएस्टर मॅटीपेक्षा अधिक दिवस टिकू शकते, कारण घासण्याला नायलॉन जास्त दाद देत नाही. उलट उन्हात पॉलिएस्टर बरे. तथापि दुकानात हे कोणी सांगत नाही. मोठा आकडा बोलला की सौदा होतो. आम्ही स्वतः कापड विकतो, तेव्हा आकड्याची जादू आम्हाला चांगली ठाऊक आहे.

गिऱ्हाइकाने सुरुवात कापडापासून करू नये, सामानापासून करावी. स्कीच्या पट्ट्या माणसाच्या उंचीएवढ्या लांब असतात. त्या अशा बॅगेत मावत नाहीत, त्यांची लांब पिशवी वेगळी असते. बहुतेक लोक पट्ट्या तिथेच भाड्याने घेतात. खरी जागा खातात ते बूट. जाड प्लॅस्टिकचे, न वाकणारे, जोडीचे वजन साधारण चार किलो. मग हेल्मेट, जाड जाकीट, विजार, हातमोजे, गरम कपड्यांचे दोन-तीन जोड. बूट स्वतःचे नेणाऱ्याला ९० ते १०० लिटरची बॅग पुरते. बूटही तिथेच भाड्याने घेणाऱ्याला ७० लिटर भरपूर झाले.

आपले कारागीर इंचात कापतात, म्हणून हिशेब इंचातच देतो. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून ६१ ने भागा, लिटर मिळतात. ३० बाय १५ बाय १३ इंचांची बॅग सुमारे ९६ लिटरची होते. तिन्ही मापांची बेरीज ५८ इंच भरते. अनेक विमान कंपन्या ६२ इंचांपर्यंत बेरीज साधी बॅग म्हणून घेतात, त्यामुळे तेही जमते. याच्या पुढे १४०-१५० लिटरच्या बॅगा विकल्या जातात त्या कशासाठी, हे आम्हाला उमगलेले नाही. भरली तर एका माणसाला उचलत नाही आणि अर्धी ठेवली तर आतले सामान गडगडत राहते. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान फुकट नेता येते. चाके आणि दांडा लावलेली बॅग रिकामीच तीन-चार किलो भरते, बिनचाकांची दीड-दोन किलो. चार किलोचे बूट आणि चार किलोची बॅग झाली तर कपड्यांना उरले काय?

शिवाय चाके बर्फात चालत नाहीत. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर आहे. तंगमर्गपासून घाट लागतो आणि बर्फ जास्त पडले की तिथून पुढे टायरला साखळ्या बांधलेल्या गाडीनेच जावे लागते. म्हणजे बॅग एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीच्या टपावर चढते आणि टपावर तिच्यावर बर्फ पडतो. हॉटेलच्या दारापर्यंत रस्ता मोकळा नसेल तर मजूर ती खांद्यावर घेतो. सहलीत अशी किती वेळा उचल-ठेव होते ते मोजा, म्हणजे बॅगेला चारही बाजूंनी हातात धरायचे पट्टे का हवेत ते कळेल.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. दुरुस्तीला येणाऱ्या मोठ्या बॅगा आम्ही ओळखीच्या कारखान्यांत पाहतो. त्यांत कापड फाटलेली बॅग क्वचितच असते. चेन उसवलेली, रनर निसटलेला, पट्टा मुळासकट उखडलेला, हीच तक्रार असते. म्हणजे कापडावर पैसा घालून चेनवर वाचवला. मोठ्या बॅगेला १० नंबरची चेन हवी, किमान ८ ची. ५ नंबरची चेन शाळेच्या दप्तराची, ती चार किलोच्या बुटांचा ताण सोसत नाही. गुंडाळी धाग्याची चेन वळणावर चांगली चालते आणि दाते सुटले तर रनर मागे-पुढे केल्यावर पुष्कळदा पुन्हा बसते. मोठ्या प्लॅस्टिक दात्यांची चेन बर्फ आणि मातीला कमी अडते, परंतु एक दाता तुटला की खलास. धातूची चेन या कामाला नको. रनरला जाड दोरीचा फासा बांधावा, कारण तिकडे हातात मोजे असतात आणि बारीक टिकली मोज्यात सापडत नाही. चेनवर कापडाची दोन इंची झडप असली की टपावरचा बर्फ वितळून आत जात नाही.

पट्ट्याचे असे की नवार बॅगेच्या अंगावर नुसती शिवून भागत नाही. ती एका बाजूने वर येऊन तळाखालून दुसऱ्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे वजन नवारीवर येते, शिलाईवर येत नाही. जोडावर चौकट आणि चौकटीत फुली मारावी. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, बाँडेड. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. टाके इंचाला सहा ते आठ पुरे. मजबुतीच्या नावाखाली बारीक टाके घालणारे कारागीर आहेत. कोटिंगच्या कापडाला त्याने टपालाच्या तिकिटासारखी छिद्रांची ओळ पडते आणि तिथूनच ते फाटते. आतल्या कडांना पायपिंग हवे, ते नसले की कापडाचे सूत सुटू लागते.

कोटिंगबद्दल एक इशारा. ताडपत्रीसारखे पीव्हीसीचे कापड पाणी चांगले अडवते, परंतु हलक्या दर्जाचे पीव्हीसी थंडीत कडक होऊन घडीवर तडकते. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत गुलमर्गची रात्र शून्याखाली बरीच खाली जाते. परीक्षा सोपी आहे. कापडाचा तुकडा घडी घालून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटक्याने उलगडावा. तडा दिसला तर ते कापड दप्तराला वापरा, या बॅगेला नको. टीपीयूचे कोटिंग महाग असते, पण थंडीत मऊ राहते. पीयूचे कोटिंग थंडीत ठीक, मात्र मुंबईच्या दमट हवेत बॅग माळ्यावर दाबून ठेवली की दोन-चार पावसाळ्यांत ते चिकट होऊन सोलून निघते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हे सांगितले तर त्याची विक्री घटेल असे आम्हाला वाटत नाही. बुटांचा कप्पा वेगळा आणि हवा जाणारा असावा, कारण परतताना बूट ओले असतात. रंग लाल किंवा नारिंगी ठेवावा. विमानतळाच्या पट्ट्यावर काळ्या बॅगा इतक्या फिरतात की माणूस दुसऱ्याची घेऊन घरी जातो.

हे सगळे आपल्या कारखान्यांत होऊ शकते. मशीन आहे, हात आहेत. अडते ते दुकानदाराच्या भावात. तो कारागिराला नगावर मजुरी ठरवताना दोन-पाच रुपये ओढतो, आणि कारागीर ते दोन-पाच रुपये चेनमधून आणि दोऱ्यातून भरून काढतो. दोष आम्ही कारागिरापेक्षा व्यापाऱ्याला अधिक देऊ. चांगल्या चेनचा आणि दोऱ्याचा जादा खर्च एवढ्या मोठ्या बॅगेच्या किमतीत गिऱ्हाइकाला जाणवणारही नाही, त्याला फक्त दाखवून द्यावे लागते. गिऱ्हाइकासमोर रनर दहा वेळा ओढून दाखवा, बॅग उलटी करून तळाखालची नवार दाखवा, मग भाव सांगा.

आणि वेळही सोयीची आहे. दप्तरांचा हंगाम जूनमध्ये संपला की जुलै ते सप्टेंबर पुष्कळ कारखान्यांत मशीनवर कापड झाकलेले असते आणि बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर गावी निघून जातात. बर्फाचे गिऱ्हाईक नोव्हेंबरात बाजारात येते. ज्या व्यापाऱ्याला हा माल काढायचा असेल त्याने नमुन्याची एक बॅग जुलैत शिवून घ्यावी, तिच्यात पंधरा किलो सामान भरून कारखान्याच्या जिन्यावरून पट्ट्याला धरून शंभर वेळा चढ-उतार करवावी, जिथे उसवेल तिथे दुरुस्त करावे आणि ऑगस्टमध्ये कटिंग सुरू करावे.