दौलताबादचा हौद

सुटीत मुलांना दौलताबादचा किल्ला दाखवा. चिखलीहून जालनामार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावे. तेथून किल्ला सुमारे १५ कि.मी. आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी या तटबंदीच्या नगरात आणली. खंदक, अंधारी, चांदमिनार मुले पाहतीलच. पण दरवाजापाशी थोडे थांबा.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह येथे आले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हौदाचे पाणी घेतले, तर ‘हौद बाटवला’ म्हणून जमाव धावून आला. शेवटी पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन त्यांना आत सोडले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आज तिकीट काढले की दारावर कोणी जात विचारत नाही. हे कोणामुळे घडले, ते मुलांना त्या तटाखाली उभे राहूनच सांगा.